उगवलं खरं, पण पुढे? टारफुल्याच्या बियांवरचे पेपर वाचताना

परजीवी वनस्पतींवरचा कुठलाही पेपर उघडा, प्रस्तावनेत एक वाक्य हमखास भेटतं: यजमान पिकाच्या मुळांतून स्ट्रायगोलॅक्टोन नावाची रसायनं पाझरतात आणि त्यांच्या संकेतामुळे स्ट्रायगाचं बी उगवतं. नेटची तयारी करणाऱ्यांना हे वाक्य पाठ असतं. पीएचडीच्या मुलाखतीला जाणाऱ्यांना त्यापुढची जनुकांची नावंही पाठ असतात. वाक्य चुकीचं नाही. पण त्याच्या जोरावर जे काही सिद्ध झाल्यासारखं मांडलं जातं, ते सगळं त्या वाक्यातून निघत नाही. आज मला या वाक्याची आणि त्याच्यामागे उभ्या असलेल्या एका आकृतीची झाडाझडती घ्यायची आहे. ती आकृती म्हणजे उगवणीच्या टक्केवारीचा बार चार्ट.

माझा मुद्दा आधीच सांगून टाकते. या क्षेत्रात 'किती टक्के बिया उगवल्या' हे मोजणं इतकं सोपं आणि देखणं झालंय की संशोधनाचे प्रश्नही त्याच मापाने बेतले जाऊ लागलेत. शेतकऱ्याचा प्रश्न मात्र वेगळा आहे. त्याला जमिनीत पुढच्या वर्षी किती बी उरणार हे हवंय. या दोन प्रश्नांमध्ये बरंच अंतर आहे, आणि चांगले चांगले पेपर ते अंतर शेवटच्या परिच्छेदात एका उडीत पार करतात.

आधी थोडी ओळख, कारण सगळ्यांनीच हे तण पाहिलेलं नसतं. स्ट्रायगा म्हणजे आपल्याकडचा टारफुला. ज्वारीच्या शेतात ओल असूनही ताटं कोमेजल्यासारखी दिसायला लागतात, वाढ खुंटते, आणि मग बुडाशी बारीक पांढऱ्या फुलांची हिरवी रोपटी वर येतात. रोपटी दिसेपर्यंत उशीर झालेला असतो, कारण त्याआधी कितीतरी आठवडे तो जमिनीखाली ज्वारीच्या मुळाला चिकटून पोट भरत असतो. बी जेमतेम ०.२ ते ०.३ मिलिमीटर, हातात घेतलं तर धूळच वाटेल. एका झाडाला अशा हजारो बिया, मोठ्या झाडाला पन्नास हजारांच्याही पुढे. त्या जमिनीत दहा-दहा वर्षं जिवंत राहतात. एवढ्याशा बियात साठवलेलं अन्न नावापुरतंच. उगवल्यावर चार-पाच दिवसांत मूळ सापडलं नाही तर कोंब मरतो. म्हणून हे बी पाऊस पडला की उगवलं असं करत नाही, शेजारी मूळ आलंय याची खात्री होईपर्यंत थांबतं. आणखी एक गोष्ट आत्ताच डोक्यात ठेवा: आपल्याकडे मुख्यतः आढळते ती स्ट्रायगा एशियाटिका, तर आफ्रिकेत ज्वारी, बाजरी, मक्याचा फडशा पाडणारी मुख्य जात स्ट्रायगा हर्मोन्थिका. पुढे हे लागणार आहे.

आता त्या बार चार्टकडे येऊ. तो कसा तयार होतो?

बिया निर्जंतुक करायच्या. काचतंतूच्या कागदाच्या छोट्या चकत्यांवर पसरायच्या, ओल्या करायच्या आणि अंधारात साधारण तीस अंश सेल्सिअसला आठवडा-दोन आठवडे ठेवायच्या. याला कंडिशनिंग म्हणतात. हे केल्याशिवाय बी कुठल्याही रसायनाला दाद देत नाही. मग चकती पुसून कोरडी करायची, वर तपासायचं द्रावण टाकायचं, एक-दोन दिवस थांबायचं आणि सूक्ष्मदर्शकाखाली ज्यांचा मूलांकुर बाहेर आलाय अशा बिया मोजायच्या. शेजारी एका डिशमध्ये नुसतं पाणी, तिथे जवळपास काहीच उगवत नाही. दुसऱ्या डिशमध्ये जीआर-२४ हे प्रयोगशाळेत बनवलेलं स्ट्रायगोलॅक्टोन, तिथे बहुतेक बिया उगवतात. मधल्या डिशमध्ये तुमचं नवं रसायन किंवा तुमच्या वाणाच्या मुळांचा पाझर. तीन बार, वर त्रुटीरेषा, वर तारे. आकृती तयार.

मला ही चाचणी आवडते. स्वस्त आहे, आठवड्यांत उत्तर देते, आणि हो-नाही असं स्पष्ट मोजता येतं. जीवशास्त्रात असं भाग्य रोज वाट्याला येत नाही. पण तुम्ही पेपर वाचायला बसलात की या तीन बारना चार प्रश्न विचारायची सवय लावून घ्या.

बी कुठलं? हर्मोन्थिका परपरागित आहे, म्हणजे एका शेतातल्या बियांमध्येही जनुकीय विविधता भरपूर. एका देशातून, एका हंगामात गोळा केलेल्या बियांवर आलेली टक्केवारी ही त्या बियांची टक्केवारी आहे. एशियाटिका स्वपरागित आहे, तिची गोष्ट निराळी. तरीही कित्येक पेपरांत निष्कर्षाच्या वाक्यापर्यंत पोचताना जातीचं नाव गळून नुसतं 'स्ट्रायगा' उरतं. आपण इथे बसून ते वाचतो आणि आपल्या ज्वारीतला टारफुला डोळ्यांसमोर आणतो.

जीआर-२४ कुठलं? हा प्रश्न किरकोळ वाटेल, पण नाही. साध्या पद्धतीने बनवलेलं जीआर-२४ हे आरशातल्या प्रतिमेसारख्या दोन रूपांचं मिश्रण असतं. अरॅबिडॉप्सिसवरच्या कामात २०१४ साली नीट दाखवलं गेलं की यातलं एक रूप स्ट्रायगोलॅक्टोनच्या नेहमीच्या ग्रहणकाला चालवतं, तर दुसरं रूप केएआय-२ नावाच्या वेगळ्याच ग्रहणकालाही. म्हणजे मिश्रण वापरून काढलेल्या जुन्या निष्कर्षांत दोन वाटांची सरमिसळ झालेली असू शकते. आता गंमत अशी की स्ट्रायगाच्या बियातला ग्रहणक याच केएआय-२ च्या घराण्यातला निघाला. पद्धतींच्या विभागात 'जीआर-२४ वापरलं' एवढंच लिहिलेलं असेल तर समासात प्रश्नचिन्ह काढा.

कंडिशनिंग किती दिवस? डिशमध्ये सगळ्या बिया एकाच दिवशी भिजतात, एकाच दिवशी तयार होतात. शेतात एक बी दोन सेंटिमीटरवर, दुसरं वीस सेंटिमीटरवर, एकाला पहिल्या पावसाची ओल मिळाली, दुसऱ्याला मिळालीच नाही. शिवाय तयार झालेलं बी संकेत न मिळता फार दिवस ओलं राहिलं तर पुन्हा झोपी जातं. ही ओली सुप्तावस्था १९५० च्या सुमारासच वर्णन केलेली आहे, नवीन काही नाही. पण तिला बार चार्टमध्ये जागा नाही, कारण डिशमधल्या बियांना आपण फार दिवस झुलवत ठेवतच नाही.

चौथा प्रश्न सर्वांत साधा: उगवल्यानंतर काय? मूलांकुर बाहेर आला की मोजणी संपते. परजीवीची खरी कसरत तिथून सुरू होते. त्याला मुळापर्यंत पोचायचंय, दुसऱ्या एका रासायनिक खुणेवर शोषक इंद्रिय तयार करायचंय, साल भेदून आत शिरायचंय आणि पाणी वाहणाऱ्या नळ्यांना जोडून घ्यायचंय. ती दुसरी खूण म्हणजे एक क्विनोन, ज्वारीच्या मुळांतून १९८६ मध्ये ओळखलेलं. ते स्ट्रायगोलॅक्टोन नव्हे. उगवण ही या सगळ्यातली पहिली पायरी, आणि नेमकी तीच आपण सर्वांत बारकाईने मोजतो.

आता 'संकेत' या शब्दाकडे वळते. मराठीत संकेत म्हणजे दोघांनी आधी ठरवून ठेवलेली खूण. एकाने करायची, दुसऱ्याने ओळखायची. ज्वारीने टारफुल्याशी असं काही ठरवलेलं नाही. इतिहास बघितला तर हे अगदी स्पष्ट दिसतं. पहिलं स्ट्रायगोलॅक्टोन, म्हणजे स्ट्रायगॉल, १९६६ मध्ये वेगळं केलं गेलं ते कपाशीच्या मुळांच्या पाझरातून. कपाशी! स्ट्रायगा कपाशीवर जगूच शकत नाही. (त्या पेपरच्या लेखकांत मन्रो वॉल होते. पुढे टॅक्सॉल शोधणाऱ्या जोडीतले तेच. जोडीतले दुसरे मनसुख वाणी, जन्म नंदुरबारचा. स्ट्रायगॉलशी वाणींचा संबंध नाही, पण नाव दिसलं की सांगितल्याशिवाय राहवत नाही.) रचना पूर्ण उलगडायला १९७२ उजाडलं. ज्वारीच्या स्वतःच्या मुळांतून सोर्गोलॅक्टोन मिळालं ते थेट १९९२ मध्ये.

मधल्या काळात कुणाला तरी हा प्रश्न पडायला हवा होता की ज्या रसायनामुळे शत्रू जागा होतो ते वनस्पती बनवतेच कशाला. उत्तर मिळायला २००५ उजाडलं. जपानमधल्या अकियामा आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की हीच रसायनं मायकोरायझा बुरशीच्या तंतूंना फांद्या फुटायला लावतात. जमिनीत स्फुरद कमी पडला की पीक ती जास्त सोडतं, कारण बुरशी स्फुरद आणून देते. २००८ मध्ये दोन गटांनी एकाच वेळी दाखवलं की वनस्पतीच्या आत हीच रसायनं फुटवे किती फुटावेत हे ठरवणारं संप्रेरक म्हणून काम करतात. म्हणजे हाक बुरशीला होती, हिशेब घरातला होता, आणि टारफुला भिंतीला कान लावून बसलेला.

यासाठी आपल्याकडे 'संकेत' पेक्षा कितीतरी नेमका शब्द आहे: चाहूल. चाहूल देणाऱ्याचा ती देण्याचा इरादा नसतो. तो आपल्या कामाने चाललेला असतो, आणि कुणीतरी कान देऊन असतं. हा नुसता शब्दांचा कीस नाही. 'संकेत' म्हटलं की उपाय सोपा वाटतो: संकेत बंद करा. 'चाहूल' म्हटलं की लगेच कळतं की चालणंच बंद केलं तर पिकाचं काय होईल हेही बघावं लागेल.

ज्वारीच्या बाबतीत नेमकं हेच झालं. पर्ड्यू विद्यापीठातल्या गेबिसा एजेटांच्या गटाने (स्ट्रायगाला दाद न देणाऱ्या ज्वारीसाठी त्यांना २००९ चा जागतिक अन्न पुरस्कार मिळाला) २०१७ मध्ये एलजीएस-१ हे जनुक ओळखलं. हे जनुक निकामी असलेल्या ज्वारीच्या पाझराने स्ट्रायगाचं बी फारसं उगवत नाही. कारण वाचण्यासारखं आहे. ही ज्वारी स्ट्रायगोलॅक्टोन सोडायचं थांबवत नाही. ५-डीऑक्सिस्ट्रायगॉलऐवजी ती मुख्यतः ओरोबँकॉल सोडते, ज्याची त्रिमितीय मांडणी उलट्या हाताची आहे. चाल तीच, पायरव बदललेला. मला हा पेपर फार आवडतो, कारण तो उगवणीच्या बारवर थांबत नाही. बारमधल्या फरकापासून सुरुवात करून तो रेणूपर्यंत जातो. पण फुकट काही मिळत नाही. २०२० मध्ये आलेल्या एका मोठ्या अभ्यासात आफ्रिकेतल्या स्थानिक वाणांमध्ये या जनुकाची निकामी रूपं कुठे आढळतात हे पाहिलं गेलं. ती परजीवीच्या पट्ट्यात जास्त सापडतात, पण सगळीकडे पसरलेली नाहीत, आणि पिकाला त्याची काही किंमत मोजावी लागत असावी असे पुरावे तिथे मांडलेत. तुम्ही एलजीएस-१ वर प्रस्ताव लिहीत असाल तर पहिला पेपर वाचून थांबू नका. दुसऱ्याशिवाय पहिला अर्धाच आहे.

आणि इथेच एन-१३ ची आठवण करून देते. ही भारतीय ज्वारी आहे, स्ट्रायगा-प्रतिकाराच्या अभ्यासात जगभर वापरलेली. तिच्या मुळांजवळ स्ट्रायगाचं बी उगवतं, अगदी व्यवस्थित उगवतं. पण पुढे मुळाच्या आत शिरताना त्याला अडथळा लागतो आणि बरेचसे कोंब तिथेच संपतात. आता विचार करा. नुसत्या उगवणीच्या चाचणीवर शंभर वाण चाळले असते तर एन-१३ पहिल्याच फेरीत 'संवेदनशील' म्हणून बाद झाली असती. खरं तर अशा वाणाचे दोन फायदे: पीकही टिकतं आणि जमिनीतलं बीही थोडं खर्ची पडतं. आपली चाचणी त्याच गुणाला अवगुण म्हणून नोंदवते. मापाने प्रश्न बेतला जातो असं सुरुवातीला म्हटलं, ते हे.

आता ग्रहणकांकडे, कारण गेल्या दहा-बारा वर्षांतलं सर्वांत चमकदार काम तिथलं आहे. २०१५ मध्ये 'सायन्स' मध्ये तीन गटांचे पेपर आले. त्यांचं एकत्रित सांगणं असं: वनस्पतींकडे एक जुना ग्रहणक आहे, केएआय-२. जळालेल्या झाडोऱ्याच्या धुरातली काही रसायनं अरॅबिडॉप्सिससारख्या वनस्पतींचं बी याच ग्रहणकाने ओळखतं. परजीवींमध्ये या जनुकाच्या अनेक प्रती झाल्या आणि त्यातल्या काहींची खाच बदलून स्ट्रायगोलॅक्टोन बसेल अशी झाली. हर्मोन्थिकामधली एक प्रत, एचटीएल-७, तर इतकी हळवी की तिचं जनुक अरॅबिडॉप्सिसमध्ये घातल्यावर त्या बिया पिकोमोलर पातळीच्या स्ट्रायगोलॅक्टोनलाही उगवू लागल्या. एका गटाने असं रसायन बनवलं की ग्रहणकाने ते तोडलं की ते हिरवं चमकतं, म्हणजे बियात काय चाललंय ते डोळ्यांनी दिसतं. हे काम खरोखर सुंदर आहे. माझी कुरकुर एवढीच की पुढच्या पेपरांमध्ये 'अरॅबिडॉप्सिसमध्ये पुरेसं ठरलं' याचं नकळत 'स्ट्रायगामध्ये हेच आणि एवढंच आहे' असं होऊन जातं. एका ग्रहणकाने परक्या वनस्पतीत काम केलं यावरून बाकीच्या प्रती मूळ घरी रिकाम्या बसल्यात असं ठरत नाही.

या ग्रहणकाच्या खाचेवरून नवी रसायनं शोधणं ही पुढची पायरी. २०१८ मध्ये जपानी गटाने एसपीएल-७ नावाचं रसायन मांडलं, जे हर्मोन्थिकाचं बी फेम्टोमोलर पातळीला उगवतं. ही पातळी किती कमी ते हिशेब करून बघा. एक फेम्टोमोलर म्हणजे लिटरमध्ये सुमारे ६० कोटी रेणू. आकडा मोठा वाटतो, पण वीस मायक्रोलिटरच्या थेंबात तो बारा हजारांवर येतो. बारा हजार रेणूंचा थेंब, आणि बी जागं होतं. कल्पना अशी की पीक नसताना हे रसायन जमिनीत सोडायचं. बी फसून उगवेल, मूळ सापडणार नाही, कोंब मरेल. याला आत्मघाती उगवण म्हणतात. त्यांनी कुंडीतही मक्याच्या पेरणीआधी देऊन पाहिलं आणि परजीवीचा उपद्रव कमी झाला.

इथे माझे तीन आक्षेप आहेत. ते रसायनाबद्दल नाहीत, 'यामुळे आता आत्मघाती उगवण शक्य झाली' या थाटाच्या वाक्यांबद्दल आहेत. अशी वाक्यं बातम्यांमध्ये आणि नंतर इतरांच्या प्रस्तावनांमध्ये भेटतात.

पहिला आक्षेप: आत्मघाती उगवण काही २०१८ मध्ये शक्य झाली नाही. ती अमेरिकेत १९७० च्या दशकापासून प्रत्यक्ष वापरली गेली. उत्तर आणि दक्षिण कॅरोलिनात १९५६ मध्ये मक्यावर स्ट्रायगा सापडली, ती एशियाटिकाच, आणि पुढे लागण चार लाखांहून अधिक एकरांवर नोंदली गेली. तिथे जमिनीत इथिलीन वायू टोचून बी उगवायला लावलं. बी स्वतः उगवताना इथिलीन बनवतं, त्यामुळे स्वस्तातला वायूही तेच काम करतो. आज ती लागण नगण्य आहे. पण ही गोष्ट इथिलीनची म्हणून सांगितली जाते, आणि तिथे मला अडतं. त्याच शेतांवर विलगीकरणाचे कायदे होते, अवजारं आणि माल हलवायला बंधनं होती, तणनाशकांच्या फवारण्या होत्या, सर्वेक्षण करणारी माणसं होती, आणि हे सगळं दशकानुदशकं सरकारी पैशावर चाललं. त्यातलं इथिलीन एकटं उचलून दुसऱ्या देशात ठेवलं तर काय होईल याचं उत्तर त्या गोष्टीत नाही.

दुसरा आक्षेप मातीचा. ही रसायनं अल्कधर्मी पाण्यात लवकर फुटतात. काचतंतूच्या चकतीवर चिकणमाती नसते, सूक्ष्मजीवही नसतात. आपल्या काळ्या जमिनीत चिकणमाती भरपूर आणि सामू बहुतेक ठिकाणी सातच्या वर. डिशमधली फेम्टोमोलर पातळी आणि काळ्या रानात एकरी किती ग्रॅम टाकायचं, यांच्यामध्ये एक अख्खं संशोधन बसतं. ते कमी प्रतिष्ठेचं मानलं जातं, म्हणून कमी होतं. विषय शोधत असाल तर इकडे बघा.

आणि वेळ. आत्मघाती उगवणीसाठी जमीन ओली हवी, बी तयार व्हायला आठवडा-दोन आठवडे हवेत, मग रसायन, मग कोंब मरायला आणखी काही दिवस, आणि तोवर शेत रिकामं. कोरडवाहू शेतकऱ्याला हे सांगून बघा. पाऊस पडला, वापसा आला की तो पेरणीला निघतो. ते आठवडे त्याच्याकडे नसतात. बुर्किना फासोमध्ये सौदी अरेबियातल्या केएयूएसटी विद्यापीठाच्या गटाने स्थानिक संशोधकांबरोबर शेतकऱ्यांच्या रानात स्ट्रायगोलॅक्टोनसारखी रसायनं पेरणीआधी देऊन पाहिली, २०१९ मध्ये निष्कर्ष आले. जास्तीत जास्त निम्म्याहून थोडी अधिक घट मिळाली. या पेपरचं कौतुक करायचं ते यासाठी की तो डिश सोडून रानात गेला. डिशमधल्या उंच बारच्या जागी रानात किती मिळतं याची पहिली प्रामाणिक कल्पना अशाच कामातून येते.

निम्मी घट म्हणजे किती? एक कल्पित हिशेब करू. समजा एका चौरस मीटरमध्ये हजार बिया आहेत आणि तुमच्या रसायनाने ९० टक्के मारल्या. उरल्या शंभर. त्यातलं एकच झाड ज्वारीवर वाढलं, फुललं आणि त्याने तीस हजार बिया टाकल्या, तर हंगामाच्या शेवटी तुम्ही सुरुवातीपेक्षा तीसपट बियांवर उभे आहात. ९० टक्क्यांचा बार कितीही उंच दिसो, निकाल त्या एका झाडाला वेळेवर उपटलं की नाही यावर लागतो. खुरपणी करणाऱ्या बाईचं काम पेपरात कुठल्याच अक्षावर येत नाही.

शेवटी एक घाऊक विधान बाजूला काढायला हवं. 'परजीवी वनस्पतींचं बी स्ट्रायगोलॅक्टोनमुळे उगवतं' असं सरसकट लिहू नका. सूर्यफुलावरची ओरोबँकी कुमाना हिला मुळांतून पाझरणारं डीहायड्रोकॉस्टस लॅक्टोन हे वेगळ्या घराण्यातलं रसायन जागं करतं, हे २०११ मध्ये दाखवलं गेलं. मोहरीच्या कुळातल्या रेपसीडच्या मुळांजवळ फेलिपँकी रॅमोसा उगवते ती आयसोथायोसायनेटमुळे, म्हणजे मोहरीच्या झणझणीतपणामागच्याच जातीच्या रसायनांमुळे. इथिलीन स्ट्रायगाला चालतं, ओरोबँकीला चालत नाही. आपल्याकडे तंबाखूत येणारा बंबाखू हा ओरोबँकीच, त्यामुळे कॅरोलिनाची युक्ती निपाणीकडे तशीच नेता येणार नाही. अमरवेल आणि बांडगूळ यांना तर उगवायला यजमानाच्या मुळाची चाहूल लागतच नाही. एवढ्या वेगवेगळ्या सवयी एका वाक्यात कोंबल्या की रिव्ह्यूअरने नाही तरी परीक्षकाने ते पकडायलाच हवं.

मग पेपरात काय असलं तर मी खूश होईन? एक जुनी, कंटाळवाणी पद्धत आहे. नायलॉनच्या बारीक जाळीच्या पिशव्यांत मोजून बिया भरायच्या, वेगवेगळ्या खोलीवर पुरायच्या, वर पीक घ्यायचं, आणि हंगाम संपल्यावर पिशव्या उकरून काढून किती बिया अजून जिवंत आहेत ते मोजायचं. कपाशीनंतरच्या रानात आणि ज्वारीनंतर ज्वारी घेतलेल्या रानात या दोन्ही पिशव्या पुरल्या, तर विदर्भ-खानदेशातली जुनी फेरपालट टारफुल्याचं बी खरंच किती खपवते ते आकड्यात कळेल. कपाशी तेच स्ट्रायगॉल सोडते, ज्याच्यापासून १९६६ मध्ये हे सगळं सुरू झालं. या प्रयोगाला वर्षाला एकच आकडा मिळतो, पावसावर अवलंबून राहावं लागतं, पिशव्या उंदीर कुरतडतात. तीन वर्षांची फेलोशिप असेल तर तीन आकडे.